बॉनीची नजर, फे डनवेची वाटचाल

लॉस एंजेलिस येथे २६ फेब्रुवारी २०१७ रोजी झालेल्या ऑस्कर सोहळ्याचा शेवट जगभरच्या प्रेक्षकांच्या चांगलाच स्मरणात राहिला आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नाव जाहीर करण्यासाठी वॉरन बीटी आणि फे डनवे हे दोन ज्येष्ठ कलावंत व्यासपीठावर आले. बीटीने पाकीट उघडले, आतील मजकूर पाहून तो घुटमळला आणि त्याने कार्ड डनवेपुढे धरले. त्यावर दिसलेले ‘ला ला लँड’ हे नाव तिने वाचून टाकले. थोड्याच वेळात चूक उघड झाली. खरा मानकरी ‘मूनलाइट’ होता. पाहुण्यांच्या हाती चुकीचे पाकीट देण्यात आले होते आणि ते होते सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पुरस्काराचे.

या गोंधळाची चर्चा पुढे कित्येक दिवस चालली. तिच्या गदारोळात एक गोष्ट मात्र मागे पडली. या दोघांनाच त्या रात्री का बोलावले होते? कारण त्यांच्या ‘बॉनी अँड क्लाइड’ या चित्रपटाला त्या वर्षी पन्नास वर्षे पूर्ण होत होती. याच चित्रपटासाठी १९६८ मध्ये डनवेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन मिळाले होते आणि पुरस्कार मात्र कॅथरिन हेपबर्नकडे गेला होता. ज्या पुरस्काराने पन्नास वर्षांपूर्वी हुलकावणी दिली, त्याचेच पाकीट त्या रात्री चुकून तिच्यापुढे आले, हा योगायोग फारच थोड्यांच्या लक्षात आला असेल.

गुन्हेगार प्रेमिकांची कथा सांगणारे चित्रपट ‘बॉनी अँड क्लाइड’पूर्वीही निघाले आणि नंतरही निघत राहिले. तरीही या प्रकारचा विषय निघाला की पहिले नाव याच चित्रपटाचे घेतले जाते. त्याच्या हिंसाचारावर, संकलनावर आणि काळाशी असलेल्या नात्यावर विपुल लिहिले गेले आहे. त्यामानाने, हा सारा डोलारा रंगभूमीवरून आलेल्या एका नवख्या अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर किती तोलला गेला आहे, याची चर्चा कमी झाली. हा चेहरा वगळला, तर उरते ती दोन खुन्यांची हकिकत.

सैनिकाची मुलगी

डोरोथी फे डनवे हिचा जन्म १४ जानेवारी १९४१ रोजी फ्लोरिडा राज्यातील बास्कम या लहानशा गावी झाला. वडील अमेरिकन लष्करात होते. त्यांच्या बदल्यांबरोबर कुटुंबाची बिऱ्हाडेही बदलत राहिली. बालपणाचा काही काळ जर्मनीतही गेला. पुढे आईवडील विभक्त झाले. दक्षिणेकडील ग्रामीण भागातील बेताची परिस्थिती, एका जागी न रुजलेले बालपण आणि येथून बाहेर पडले पाहिजे ही लहानपणीच मनात घर करून बसलेली ओढ, हे सारे पुढे तिच्या कामी आले.

बोस्टन विद्यापीठातून १९६२ मध्ये नाट्यशिक्षण पूर्ण करून ती न्यूयॉर्कला पोहोचली आणि त्याच वर्षी ब्रॉडवेवर उभी राहिली. रॉबर्ट बोल्टच्या ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ या गाजत असलेल्या नाटकात थॉमस मूरच्या मुलीची भूमिका तिला बदली अभिनेत्री म्हणून मिळाली. त्यानंतर लिंकन सेंटरच्या नव्याने उभ्या राहत असलेल्या नाट्यसंस्थेत तिचा प्रवेश झाला. एलिया कझान आणि रॉबर्ट व्हाइटहेड हे त्या संस्थेचे सूत्रधार होते. आर्थर मिलरच्या ‘आफ्टर द फॉल’मध्ये १९६४ साली तिच्या वाट्याला छोटीच भूमिका आली. पण कझानसारख्या दिग्दर्शकाच्या तालमी जवळून पाहायला मिळणे हेच एक शिक्षण होते. व्यक्तिरेखा आतून उभी करावी, तिला काय हवे आहे ते आधी शोधावे, संवाद नंतर आपोआप जागेवर पडतात, अशी ती शिस्त.

तिचे नाव खऱ्या अर्थाने झाले ते १९६५ मध्ये. हार्वर्डचे प्राध्यापक विल्यम आल्फ्रेड यांचे ‘होगन्स गोट’ हे पद्यनाटक ब्रॉडवेबाहेरच्या एका छोट्या नाट्यगृहात सादर झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ब्रुकलिनमधील आयरिश राजकारणाचे हे नाटक. त्यातील नायकाच्या पत्नीच्या भूमिकेने समीक्षकांचे आणि पाठोपाठ चित्रपटसृष्टीचेही लक्ष तिच्याकडे वेधले. आल्फ्रेड तिचे आयुष्यभराचे मार्गदर्शक ठरले.

पडद्यावरील सुरुवात मात्र खडतर होती. ‘द हॅपनिंग’ आणि ‘हरी सनडाउन’ हे तिचे दोन्ही पहिले चित्रपट १९६७ मध्ये आले आणि फारशी छाप न पाडता गेले. त्यांपैकी दुसऱ्याचा दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर याच्याशी तिचे अजिबात पटले नाही. अनेक चित्रपटांसाठी झालेल्या करारातून सुटण्यासाठी तिला पैसे मोजावे लागले. नवख्या अभिनेत्रीने असे पाऊल उचलणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

खरी बॉनी, पडद्यावरची बॉनी

‘बॉनी अँड क्लाइड’ची कथा घडून गेलेली आहे, पण चित्रपटात ती जशीच्या तशी नाही. बॉनी पार्करचा जन्म टेक्ससमध्ये १९१० साली झाला. सोळावे वर्ष पुरे होण्याआधीच तिचे लग्न झाले, ते टिकले नाही, आणि डॅलसमध्ये ती खानावळीत वाढपिणीचे काम करू लागली. जानेवारी १९३० मध्ये तिची क्लाइड बॅरोशी भेट झाली. महामंदीचे ते दिवस होते. पुढील काळात या दोघांच्या टोळीने अनेक राज्यांत धुमाकूळ घातला. त्यांच्या दरोड्यांत बँकांपेक्षा किराणा दुकाने आणि पेट्रोल पंपच अधिक होते. सुमारे १३ माणसांचे बळी गेले आणि त्यांत बहुसंख्य पोलीस होते. एप्रिल १९३३ मध्ये मिसुरीतील जॉपलिन येथील त्यांच्या लपण्याच्या जागेतून पोलिसांच्या हाती काही छायाचित्रे लागली. तोंडात सिगार, हातात पिस्तूल घेतलेली सडपातळ बॉनी त्यांत दिसत होती. वृत्तपत्रांनी ती छापली आणि गल्ल्यावर डल्ला मारणारी एक टोळी देशभर प्रसिद्ध झाली. २३ मे १९३४ रोजी लुइझियाना राज्यात गिब्सलँड गावाजवळ दबा धरून बसलेल्या सहा पोलिसांनी शंभराहून अधिक गोळ्या झाडून दोघांना गाडीतच ठार केले.

डेव्हिड न्यूमन आणि रॉबर्ट बेंटन या पटकथाकारांनी या हकिकतीत अनेक बदल केले. जून १९३३ मधील अपघातात बॉनीचा पाय भयंकर भाजला आणि त्यानंतर तिला धड चालताही येत नव्हते. चित्रपटात याचा मागमूस नाही. टोळीतील दोन तरुणांचे मिळून सी. डब्ल्यू. मॉस हे एकच पात्र तयार झाले. पाठलागावर असलेल्या फ्रँक हेमर या अधिकाऱ्याला टोळी पकडते आणि त्याची विटंबना करते, हा प्रसंग तर पूर्णपणे कल्पित आहे. हेमरच्या विधवा पत्नीने या चित्रणाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि तिची तक्रार रास्तच होती.

पटकथेवर फ्रेंच नवचित्रपटांचा ठसा होता. ती आधी फ्रान्स्वा त्रुफोकडे गेली, नंतर गोदारकडेही. अखेर वॉरन बीटीने ती विकत घेतली, निर्माता म्हणून स्वतः उभा राहिला आणि आर्थर पेनला दिग्दर्शनासाठी राजी केले. पेन मूळचा रंगभूमीचा आणि दूरचित्रवाणी नाटकांचा माणूस. ‘द मिरॅकल वर्कर’ त्याने आधी ब्रॉडवेवर आणि मग पडद्यावर केले होते. जीन हॅकमन आणि एस्टेल पार्सन्स हेही न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांत घडलेले नट. बॉनीच्या भूमिकेसाठी ट्यूसडे वेल्डसारख्या परिचित अभिनेत्रींचा आधी विचार झाला होता. ती भूमिका अखेर डनवेला मिळाली, तेव्हा ती नवखी होती खरी, पण परक्या मुलखात आलेली नव्हती. या चमूची भाषा तिला ठाऊक होती.

सुटकेची ओढ

चित्रपटाची सुरुवातच बॉनीच्या ओठांच्या जवळच्या दृश्याने होते. दुपारच्या उकाड्यात ती आपल्या खोलीत एकटी आहे. करण्यासारखे काही नाही, जाण्यासारखे कोठे नाही. पलंगाच्या दांड्यांतून बाहेर पाहणारा तिचा चेहरा कैद्यासारखा भासतो. अद्याप गुन्हा घडलेला नाही आणि नायकही आलेला नाही; तरीही ही मुलगी खिडकीखाली उभ्या असलेल्या पहिल्या माणसाबरोबर निघून जाईल, याची प्रेक्षकाला खात्री पटते. संवादाशिवाय हे सांगणे हे अभिनेत्रीचे काम होते. भूमिकेसाठी डनवेने वजन बरेच उतरवले होते आणि मंदीच्या काळातील भूक तिच्या गालांवर दिसत होती. पण त्याहून मोठी भूक होती ती कोणीतरी आपली दखल घ्यावी याची. ‘लुकिंग फॉर गॅट्सबी’ या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात बॉनीशी असलेली आपली जवळीक तिने मोकळेपणाने सांगितली आहे. दक्षिणेतील लहान गावातून बाहेर पडू पाहणारी मुलगी कशी असते, हे तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

या प्रेमकथेतील क्लाइड शरीरसुखाला असमर्थ आहे. प्रेमाची पूर्तता नाही, म्हणून पळण्याची धुंदी आणि वर्तमानपत्रातील नाव यांनी ती पोकळी भरली जाते. सुरुवातीचे दरोडे विनोदी वाटतात, बँजोच्या ठेक्यावर गाड्या पळतात आणि प्रेक्षक हसतो. मग एक माणूस गाडीच्या पायरीवर चढतो, त्याच्या चेहऱ्यावर गोळी सुटते आणि हसू जागच्या जागी थिजते. पेनने हा झटका हेतुपुरस्सर दिला आहे. मात्र त्यानंतरही प्रेक्षक या जोडीला सोडून जात नाही, याचे कारण बॉनीच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत जाणारी जाणीव हे आहे.

ती जाणीव तीन प्रसंगांत स्पष्ट होते. पहिल्यात टोळी एका जोडप्याला गाडीत घेते; थट्टामस्करी रंगते. त्यातील पुरुषाला व्यवसाय विचारल्यावर तो अंत्यविधीची व्यवस्था करणारा असल्याचे सांगतो. बॉनीचा चेहरा क्षणात बदलतो आणि त्याला ताबडतोब खाली उतरवण्याचे फर्मान ती सोडते. दुसरा प्रसंग आईच्या भेटीचा. धुरकट, जुन्या छायाचित्रासारख्या रंगात चित्रित झालेल्या या कौटुंबिक मेळाव्यात क्लाइड आईला पुढे तिच्याच शेजारी राहायला येण्याचे गोड आश्वासन देतो. म्हातारी शांतपणे सांगते की जवळ राहिलात तर जगणार नाही, पळत राहणेच बरे. परतीची वाट बंद झाली आहे, हे आईच्या तोंडून ऐकणाऱ्या मुलीकडे पाहताना घशात आवंढा येतो.

तिसरा प्रसंग सर्वांत साधा आणि सर्वांत महत्त्वाचा. अखेर दोघांचे मीलन झालेले आहे. बॉनी विचारते, उद्या सकाळी सारे पुसले गेले, कोणीही मागावर नसले, तर तू काय करशील? क्लाइड विचार करून उत्तर देतो की आपण वेगळ्या पद्धतीने काम करू; राहायचे एका राज्यात आणि दरोडे घालायचे दुसऱ्यात. तो हे अगदी प्रामाणिकपणे सांगतो. तिने मात्र दुसऱ्या आयुष्याविषयी विचारले होते. डनवे येथे रडत नाही, चिडत नाही. चेहऱ्यावरचे हसू किंचित मावळते, इतकेच. आपण ज्याच्यासाठी सारे सोडले त्याला आपला प्रश्नच कळलेला नाही, हे तिला समजते आणि तरीही ती त्याच्याजवळच राहते. गुन्हेगारी प्रेमकथेतील ‘प्रेम’ आणि ‘गुन्हा’ हे दोन शब्द या एका क्षणी परस्परांपासून वेगळे होतात.

म्हणूनच शेवटच्या गोळीबारापूर्वीची नजरानजर इतकी परिणामकारक ठरते. झुडपांतून पक्षी उडतात, काहीतरी चुकले आहे हे दोघांना कळते, आणि पळण्याऐवजी ते एकमेकांकडे पाहतात. पुढच्या काही सेकंदांत अनेक कॅमेऱ्यांनी वेगवेगळ्या गतीने टिपलेला आणि डीडी ॲलन या संकलिकेने जोडलेला मृत्यू पडद्यावर येतो. गाडीबाहेर लोंबकळणारा देह पूर्ण खाली पडू नये म्हणून डनवेचा पाय गिअरच्या दांड्याला बांधण्यात आला होता. या दृश्याची तांत्रिक चिकित्सा चित्रपटाच्या अभ्यासवर्गांत आजही होते. पण दोन कठपुतळ्यांवर गोळ्या झाडल्या असत्या तर ते केवळ तंत्र राहिले असते. त्याआधीच्या नजरेने मरणाऱ्याला माणूस केले.

समीक्षकांचे वादळ

चित्रपट ऑगस्ट १९६७ मध्ये प्रदर्शित झाला आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे ज्येष्ठ समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी त्याचे वाभाडे काढले. खुन्यांना मौजमजेचे नायक केल्याचा त्यांचा आरोप होता. ‘न्यूजवीक’चे जोसेफ मॉर्गनस्टर्न यांनीही आधी झोडपले, मात्र चित्रपट पुन्हा पाहून त्यांनी आपले मत जाहीरपणे मागे घेतले. ऑक्टोबरमध्ये पॉलिन केल यांचा प्रदीर्घ लेख ‘न्यूयॉर्कर’मध्ये आला आणि वादाचे पारडे फिरले. डिसेंबरमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने चित्रपटाला मुखपृष्ठावर स्थान दिले. सुमारे २५ लाख डॉलर खर्चून तयार झालेला हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि त्याने खर्चाच्या कितीतरी पट कमाई केली. त्याला दहा ऑस्कर नामांकने मिळाली. एस्टेल पार्सन्स आणि छायालेखक बर्नेट गफी यांना पुरस्कार मिळाले. थिओडोरा व्हॅन रंकल हिने बॉनीसाठी योजलेली बेरे टोपी आणि लांब घागरे यांची तर तरुणींमध्ये लाटच आली.

या लाटेतच क्राउदर यांच्या आक्षेपाचे बीज होते, हे मान्य करावे लागेल. टोपी विकत घेणाऱ्या किती जणींना गोळीबारात मारल्या गेलेल्या पोलिसांची आठवण होती? खऱ्या बॉनीच्या छायाचित्रांनीही १९३३ मध्ये हेच केले होते. पोलिसांची बाजू मांडणारा ‘द हायवेमेन’ हा चित्रपट यायला २०१९ साल उजाडावे लागले. सौंदर्य हे या कथाप्रकाराचे आमिष आहे. ‘बॉनी अँड क्लाइड’ ते आमिष दाखवतो आणि त्याची किंमतही वसूल करतो. प्रेक्षक पहिला भाग घरी घेऊन जातो की दुसरा, हे मात्र दिग्दर्शकाच्या हाती राहत नाही.

भारतात या नावाचा प्रतिध्वनी शाद अलीच्या ‘बंटी और बबली’मध्ये २००५ साली ऐकू आला. त्यातून रक्तपात वगळला गेला, दरोडेखोरांचे ठकसेन झाले. पण लहान गावातील मुलीला ‘मिस इंडिया’ व्हायचे आहे आणि घरचे तिचे लग्न ठरवू पाहतात, हे सूत्र राणी मुखर्जीच्या बबलीतही कायम राहिले. देश बदलला, पिस्तूल गेले, तरी खिडकीतून बाहेर पाहणारी मुलगी तीच होती.

बॉनीनंतर

डनवेसाठी बॉनीनंतरचे दशक वैभवाचे ठरले. ‘द थॉमस क्राउन अफेअर’मध्ये (१९६८) चोराच्या मागावर असलेली आणि त्याच्यातच गुंतत जाणारी विमा अन्वेषक तिने साकारली, स्टीव्ह मॅकक्वीनबरोबरचा तिचा बुद्धिबळाचा नि:शब्द डाव आजही स्मरला जातो. ‘चायनाटाउन’मधील (१९७४) एव्हलिन मलरेने तिला दुसरे नामांकन मिळवून दिले, तर ‘नेटवर्क’मधील (१९७६) लोकप्रियतेच्या आकड्यांपायी माणुसकी गहाण टाकणाऱ्या दूरचित्रवाणी अधिकाऱ्याच्या भूमिकेने अखेर ऑस्कर तिच्या हाती आले. या साऱ्या स्त्रिया बॉनीच्याच कुळातील. काहीतरी हवेच आहे, आणि ते मिळवताना आपण काय गमावतो आहोत हे आतून ठाऊक आहे.

या काळात रंगभूमीशीही नाते टिकून होते. लॉस एंजेलिसमध्ये १९७३ साली तिने ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मधील ब्लांश रंगवली, १९८२ मध्ये आपल्या मार्गदर्शकाच्याच नव्या नाटकातून ती ब्रॉडवेवर परतली आणि १९९६ मध्ये ‘मास्टर क्लास’मधील मारिया कॅलासच्या रूपाने अमेरिकेचा दौरा केला.

दुसऱ्या बाजूला ‘हट्टी’ आणि ‘अवघड’ ही विशेषणे तिला चिकटत गेली. चित्रीकरणस्थळांवरील तिच्या वादांच्या कथा पसरल्या. बेटी डेव्हिसने तर दूरचित्रवाणीवरून तिच्यावर उघड टीका केली. ‘मॉमी डिअरेस्ट’मधील (१९८१) जोन क्रॉफर्डच्या भूमिकेत तिने स्वतःला झोकून दिले, चित्रपटाची मात्र टिंगल झाली आणि तिच्या वाटचालीला मोठा फटका बसला. ‘सनसेट बुलेवार्ड’ या संगीतिकेतील ठरलेली भूमिका १९९४ मध्ये हातची गेली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचून तडजोडीने मिटले. बोस्टनमध्ये २०१९ साली तिने ‘टी ॲट फाइव्ह’ या एकपात्री प्रयोगात कॅथरिन हेपबर्न उभी केली, पण ब्रॉडवेवर जाण्याआधीच निर्मात्यांनी तिच्याशी संबंध तोडले.

‘फे’ हा लॉरेंट बूझेरो दिग्दर्शित माहितीपट २०२४ मध्ये आला. आपल्याला बायपोलर डिसऑर्डर हा मनोविकार असल्याचे निदान झाले होते, हे त्यात तिने प्रथमच जाहीरपणे सांगितले. त्याचा आधार घेऊन आपल्या वागण्यावर पांघरूण घालण्याचा प्रयत्न तिने केला नाही. परंतु इतकी वर्षे केवळ स्वभावदोष म्हणून रंगवलेल्या कथांकडे आता वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. ज्या उत्कटतेने बॉनीच्या डोळ्यांत प्राण ओतले, तिला आवर घालणे तिच्या धनिणीलाही सोपे नव्हते.

कारकीर्दीचा ताळेबंद मांडायचा तर पुरस्कार, वाद आणि पाकिटाचा तो घोळ हे सारे त्यात येईलच. पण अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय वारसा म्हणून जतनासाठी १९९२ मध्ये निवडलेल्या ‘बॉनी अँड क्लाइड’ची प्रत आज कोणीही पाहू शकतो. तो पाहणाऱ्याने गोळ्या मोजू नयेत. एका साध्या प्रश्नाला चुकीचे उत्तर मिळाल्यावर पलंगावर पडलेल्या त्या मुलीचे हसू कसे मावळते, तेवढे पाहावे. रंगभूमीवर शिकलेले आणि आयुष्यात भोगलेले सारे फे डनवेने त्या एका क्षणात ठेवले आहे.